टॅरिफमधला खांदा

माझा उजवा खांदा जर्मनीत, रेगेन्सबर्गला डोनाऊ नदीच्या काठी निखळला, तेव्हा त्याचा आवाज खाली पासाऊपर्यंत ऐकू गेला होता. पासाऊ रेगेन्सबर्गपासून शंभरावर किलोमीटर आहे, हे मला माहीत आहे. पण ते नदीच्या खालच्या अंगाला, वारा तिकडेच वाहत होता आणि हवाही स्वच्छ होती. पटत नसेल त्यांनी आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या कुणालाही विचारावं. ते नाही म्हणतील, कारण त्या वेळी त्यांतले निम्मे माझ्या अंगावर पडलेले होते.

दर उन्हाळ्यात मंडळाची सहल नदीकाठच्या हिरवळीवर जायची आणि पावभाजीच्या आधी कबड्डीचा सामना व्हायचा, विवाहित विरुद्ध ब्रह्मचारी. मी मूळचा इस्लामपूरकडचा. आमच्याकडे पोर रांगायच्या आधी चढाई करतं. इथे मी कारखान्यांत रोबोट बसवून देणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होतो, पोट थोडं पुढे आलेलं, पण दम अजून गावचाच. शेवटची चढाई माझी होती. समोर सगळे युनिव्हर्सिटीतले ब्रह्मचारी, महिनोन् महिने उकडलेले बटाटे खाऊन चिडलेले. मी तिघांना हात लावला, चौथ्याला लाथ घातली आणि परत फिरलो, तोच अख्खा गठ्ठा माझ्यावर कोसळला. खाली मी, वर जर्मनीतलं सगळं उच्च शिक्षण. हात मध्यरेषेकडे ताणलेला आणि त्याच्या मुळाशी एका कोल्हापूरकराचा गुडघा. माझं बोट रेषेला टेकलं आणि खांदा जागेवरून सुटला, दोन्ही एकाच क्षणी. तरी मी दम सोडला नाही. 'कबड्डी कबड्डी' करतच मला स्ट्रेचरवर घातलं, 'कबड्डी कबड्डी' करतच अँब्युलन्समध्ये चढवलं. आतला माणूस मला धीर देत होता, "जा, जा, कबड्डी, जा जा." जर्मनमधलं 'जा' म्हणजे आपलं 'हो'. तो गुण आम्हाला मिळाला की नाही, यावर मंडळात अजून वाद आहे.

बायको शेजारी बसली होती. नाशिकची आहे, बोलते कमी. ती एवढंच म्हणाली, "अरे, ऑक्टोबरात मला कार्ल्सरूहेला जॉइन व्हायचंय."

हे आधी सांगायला हवं होतं. बायको पाणी शुद्धीकरणातली संशोधक. माझ्यामागे इथे आली, तीन वर्षं जर्मन घोकली, पोतंभर अर्ज पाठवले आणि शेवटी कार्ल्सरूहेच्या एका संस्थेत तिला जागा मिळाली. आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवार-रविवार घरी. आणि आता तिच्या नवऱ्याचा हात ऑपरेशन होऊन गळ्यात बांधलेला. सप्टेंबरात तो सोडला, तर कोपर बरगड्यांना चिकटलेलं. खांदा आतून आखडला होता. ना शर्ट घालता येई, ना केस विंचरता येत, ना गाडी चालवता येई. संस्थेनं नवीन वर्षापर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यापुढे नाही म्हणाले.

माझ्या आईचा फोन आला, तो बायकोनं घेतला. आईसमोर बायकोच्या तोंडी मी 'अहो', एरवी 'अरे'. घरात दोघंच असताना 'अहो' आलं, की मी खिडक्यांना कड्या आहेत का ते बघून घेतो.

"तुझं तू ठरव बाई," आई म्हणाली. "पण नवऱ्याला स्वतःची गुंडी लावता येत नाही आणि बायको परगावी नोकरीला, हे आपल्यात कधी झालं नाही."

"नाही आई. यांचा हात वर गेल्याशिवाय मी जात नाही," बायको म्हणाली. फोन ठेवून तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. गिऱ्हाईक ताटकळलंय आणि बोकड मरत नाही, अशा वेळी खाटीक बघेल तसं.

डॉक्टरांनी थेरपी लिहून दिली. थेरपिस्ट एक बव्हेरियन बाई. मी तिला घरात हिडिंबा म्हणायचो. तळहात पोळपाटाएवढे, दंड माझ्या मांडीएवढे. तरुणपणी ती हातोडाफेक करायची. माझ्या मते ती थांबलीच नव्हती, फक्त हातोड्याच्या जागी पेशंट आले होते. पहिल्या दिवशी तिनं मला पाठीवर झोपवलं, एका हातानं खांद्याचं हाड टेबलाला दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं माझा हात डोक्याकडे न्यायला लागली. खांद्याच्या आत कुणी तापलेली सळई घालून ढवळतंय असं वाटलं. मी तिच्या पोटात लाथ घातली. ती हललीसुद्धा नाही. मी टेबलाचं रेक्झीन चावलं. त्या टेबलावर माझ्या दातांची खूण आजही दाखवतात, असं ऐकतो.

"लोकर लासन!" ती गरजायची. ही लोकर मेंढीची नव्हे. सैल सोड, असा अर्थ. माझा खांदा मुळासकट उपटताना ती मला सैल सोडायला सांगत होती.

"श्वास कोंडू नका," ती म्हणाली. "काहीतरी बोलत राहा. गाणं म्हणा."

गाणं कुठलं सुचतंय! तोंडातून जे निघायचं तेच निघालं, "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." तिनं ऐकलं. दम संपेपर्यंत हात ताणून धरला, संपल्यावर सोडला. मग तेच आमचं माप झालं. मी रडकुंडीला आलो, की ती घाम पुसत म्हणायची, "नोख आइन कबड्डी." अजून एक कबड्डी. हात बोटबोट वर सरकू लागला. बरगडीवरून छातीपर्यंत, छातीवरून खांद्यापर्यंत.

आणि विमा संपला.

जर्मनीत विमा दोन तऱ्हेचा. एक सरकारी पद्धतीचा, पगार वाढला की हप्ता वाढतो. दुसरा खासगी, तो तरुण आणि धडधाकट माणसाला निम्म्या हप्त्यात घेतो. मी तरुण होतो, धडधाकट होतो, आणि शहाणा असल्याचं स्वतःच सगळ्यांना सांगत होतो. म्हणून खासगीत गेलो आणि त्यातलाही सगळ्यात हलका टॅरिफ, म्हणजे सगळ्यात स्वस्त योजना, घेतला. नुसता गेलो असतो तर ठीक. पण मंडळाच्या कोजागिरीला दुधाचा पेला हातात धरून मी त्या टॅरिफचं असं कीर्तन केलं, की आणखी तीन कुटुंबं माझ्यामागे आली. एकदा तिकडे गेलं, की परतीची वाट जवळजवळ बंद. त्यामुळे तक्रारसुद्धा मला दार लावून करावी लागे.

फोनवरच्या बाईचा आवाज श्रीखंडासारखा. "तुमच्या टॅरिफमधल्या या वर्षाच्या थेरपी संपल्या," ती म्हणाली.

"पण खांदा अजून शिल्लक आहे."

"खांदा तुमचा आहे. थेरपी टॅरिफची आहे."

"आणि हात असाच राहिला तर?"

"तर दुसरं ऑपरेशन करून मोकळा करता येतो. त्याचा खर्च आम्ही पूर्ण देतो."

"म्हणजे कापायला पैसे आहेत, वाकवायला नाहीत?"

"गेनाऊ," अगदी बरोबर, ती आनंदानं म्हणाली. माणसाला एकदाचं समजलं म्हणून.

दुसरं ऑपरेशन म्हणजे हात पुन्हा गळ्यात आणि कार्ल्सरूहे गेलंच. मी फोन भिंतीवर आपटायला फेकला. पण डाव्या हातानं. तो भिंत चुकवून मसाल्याच्या डब्यात पडला. पुढे आठवडाभर ज्याच्याशी बोलेन त्याच्या नावानं मी हळद हुंगत होतो.

मी शिव्या देत बसलो होतो तोवर बायको कोट घालून हिडिंबेकडे गेली. दोघींचं ठरलं. दर पंधरवड्याला एक थेरपी स्वतःच्या खिशातून करायची. बाकीच्या दिवशी?

"फुकट करायला मला मनाई आहे," हिडिंबा म्हणाली. "पण पेशंटच्या बायकोनं शेजारी उभं राहून बघायला मनाई नाही."

बायकोनं एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा हिडिंबेनं माझं मनगट सरळ तिच्या हातात दिलं. "इथे गुडघा. इथे वजन. जास्त. अजून जास्त. ओरडतोय ना? मग जिवंत आहे." बायकोनं वजन टाकलं. मी ओरडलो. दोघी हसल्या. रेगेन्सबर्गला आल्यापासून ती एवढी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती, आणि ती हसताना मी तिच्या गुडघ्याखाली होतो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की हॉलमध्ये सतरंजी. बायको पदर... पदर कुठला, जीन्सच्या वर स्वेटरच्या बाह्या खोचायची. एक गुडघा माझ्या पाठीच्या फऱ्यावर, दोन्ही हातांत माझं कोपर. कधी काखेत लाटणं घालून त्यावरून हात वाकवायची. मी सतरंजीच्या दशा उपटायचो, शेजारच्या सोफ्याला लाथा घालायचो. त्या सोफ्याचा एक पाय गेला तो तेव्हाच. आणि वर 'कबड्डी कबड्डी' इतक्या मोठ्यानं, की खिडकीवरची कबुतरं शहर सोडून गेली. रविवारी मात्र सुट्टी. रविवारी जर्मनीत भिंतीत खिळा ठोकत नाहीत, तिथे नवरा कसा ठोकणार?

आमच्या खाली एक निवृत्त गृहस्थ राहायचे, एकटे. जिना पुसल्यावर बोटानं धूळ तपासणारे. त्यांनी बरेच दिवस सहन केलं असावं. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात पोलीस, एक बाई आणि एक तरुण पोरगा. मागे जिन्यात ते गृहस्थ, पायात लोकरीच्या सपाता.

सतरंजीवर मी पालथा, घामानं ओला, ओठ चावून रक्त आलेलं. बायकोच्या हातात लाटणं.

पोलीसबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं. "मोकळेपणानं बोला," ती हळू आवाजात म्हणाली. "हे किती दिवस चाललंय?"

"ऑक्टोबरपासून. रोज. रविवार सोडून."

"रविवारी का नाही?"

"शांतता पाळायची असते ना!"

तिनं ते लिहून घेतलं. "मारते कशानं?"

"मारत नाही, पिळते. पाठीत गुडघा घालते. कधीकधी लाटणं."

"पण का?"

"विम्यामुळे."

पेन्सिल थांबली. तिचे डोळे असे मोठे झाले, की मला पुढचं सुचायला लागलं. इथे मी थांबायला हवं होतं, हे मला कळतं. पण आयुष्यात कुणी माझं बोलणं एवढं टक लावून ऐकलं नव्हतं, लिहून तर मुळीच घेतलं नव्हतं. मी सांगितलं, की परवा तिनं मला टेबलाखाली कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत दाबून धरलं होतं. सांगितलं, की तिनं हे एका हातोडाफेक करणाऱ्या बाईकडून शिकून घेतलंय. सांगितलं, की जानेवारीच्या आत काहीतरी एक होणार, एक तर माझा हात जाईल नाहीतर ती.

पोलीसबाईनं वही मिटली. "घाबरू नका. तुमच्या पत्नीला आम्ही आत्ता या घरातून बाहेर काढू शकतो. दहा दिवस तिला इथे पाऊल टाकता येणार नाही. पुढचं कोर्ट बघेल."

कोर्ट! बायकोचा कामाचा परवाना नुकता हातात आलेला. मी धडाधड खरं सांगायला सुरुवात केली. खांदा, टॅरिफ, थेरपी, कार्ल्सरूहे. पण माझ्या तोंडात खरं बोलणं नेहमीच परक्याच्या चपलांसारखं वाजतं. पोलीसबाई मायेनं माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पुष्कळ जण शेवटी असंच सांगतात."

आम्ही बाहेर आलो. तिनं बायकोला कोट घ्यायला सांगितलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात काय झालं असेल ते तिला न सांगता कळलं. संसार माझ्याशीच करत होती ना.

"अहो," ती म्हणाली. "झोपा."

मी झोपलो. समोर दोन पोलीस, दारात शेजारी; आणि बायकोनं त्या दिवशी पंधरवड्याचं वाकवणं एका खेपेत उरकलं. माझा दम चालू होता, "कबड्डी कबड्डी कबड्डी", डोळ्यांतून पाणी, तोंडाला फेस, खांद्यातून सुकी लाकडं मोडल्यासारखं कडकड. तरुण पोलिसानं भिंतीकडे तोंड केलं. बायको न थांबता, एक प्रत्यय न चुकता, तिच्या कोरीव जर्मनमध्ये सांगत होती, "हा व्यायाम थेरपिस्टनं शिकवला आहे. विमा पैसे देत नाही, म्हणून मी करते. तिचा नंबर फ्रिजवर आहे, विचारून घ्या."

मग दारातून त्या गृहस्थांचा आवाज आला.

"खासगी विमा?"

"जा," मी जमिनीवरून म्हणालो.

त्यांनी मयताला आल्यासारखी मान हलवली. "आल्झो, मग माझी तक्रार नाही. पण सातच्या आत आटपा. सातला बातम्या असतात."

तेव्हापासून आम्ही सातच्या आत आटपायचो. आणि एखाद्या संध्याकाळी उशीर झाला, माझी किंकाळी वेळेवर ऐकू आली नाही, की ते खालून छताला झाडूच्या दांड्यानं ठोकायचे. ठक ठक. सगळं ठीक आहे ना?

डिसेंबरात हात कानापर्यंत आला आणि तिथेच अडला. काही केल्या वर सरकेना. हिडिंबा म्हणाली, आत एक जाड पापुद्रा राहिलाय, सुटला तर सुटला. मी दमलो होतो. शिवाय खरं सांगतो, शर्ट कुणी घालून देतंय, केस कुणी विंचरतंय, पोळीचे तुकडे कुणी करून देतंय, या थाटाची माणसाला सवय होते. एका संध्याकाळी सतरंजीवर पडल्या पडल्या मी म्हणालो, "राहू दे ना आता. कानापर्यंत जातोय, पुष्कळ झालं. कानाच्या वर माझ्याकडे तसंही काय आहे? नोकऱ्या काय, पुन्हा मिळतील."

गुडघा माझ्या फऱ्यावर होता. तो एकदम जड झाला.

"काय म्हणालात? पुन्हा मिळतील?" आणि तिनं हात ओढला. रोजचा ओढा नव्हता तो. "तीन वर्षं मी तुमच्या डब्याची झाकणं लावली!" हिसका. "जर्मन शिकले ती कांदे मागायला का?" हिसका. "चढाई तुम्ही करायची आणि आऊट मी व्हायचं?" मी ओरडत होतो, सोड म्हणत होतो, डाव्या हातानं तिच्या पोटरीत नखं रुतवली होती. तिनं तीसुद्धा सोडवली नाहीत. दात ओठांवर, केस सुटलेले, आणि वजन होतं नव्हतं तेवढं सगळं माझ्या कोपरावर. "दम घ्या! घ्या म्हणते ना! बोला!"

"कबड्डी..."

फाटलं. माझ्या आत, जुनं धोतर दोन्ही हातांनी टरकावं तसं, लांबलचक फाटलं. डोळ्यांपुढे आधी लाल झालं, मग काळं, मग मला इस्लामपूरची ग्रामदेवता स्पष्ट दिसली आणि ती म्हणाली, परत जा, अजून गुण मिळालेला नाही.

बायको बाजूला बसली होती, चुन्यासारखी पांढरी. "अरे? अरे बोल ना काहीतरी. अरे!"

मी बघितलं. माझा हात डोक्याच्या पलीकडे, सतरंजीवर सपाट पडला होता. अख्खा.

खालून झाडू वाजला. ठक ठक.

डॉक्टर मात्र भडकले. असलं कृत्य फक्त भूल देऊन, ऑपरेशनच्या टेबलावर करायचं असतं, हाड मोडलं असतं तर जन्माचा अधू झाला असतात, असं मला दहा मिनिटं झापलं. मग हात वर करून पाहिला, खाली करून पाहिला आणि हळूच विचारलं, "तुमची पत्नी नोकरी शोधतेय का?"

"नाही," मी म्हणालो. "मिळालीय."

जानेवारीत निघाली. शर्ट मी स्वतः घातला होता, बटणं एकेक घर चुकून. तिची बॅग म्हणजे अर्धं नाशिक: कुकर, पोळपाट, ज्वारीचं पीठ आणि पाण्यावरची दगडासारखी पुस्तकं. स्टेशनवर ती म्हणाली, "ही वरच्या फळीवर तू ठेवायचीस. ठेवलीस तर जाते. नाहीतर आत्ता घरी."

मी डब्यात शिरलो. बॅग गुडघ्यावर घेतली, मग छातीवर, मग दम घेतला. "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." डब्यातली माणसं वर्तमानपत्रं खाली करून बघू लागली. बॅग कानापर्यंत आली. थांबली. खांद्यात पुन्हा ती सळई. घाम डोळ्यांत. एक म्हातारी उठून दुसऱ्या डब्यात गेली.

"नोख आइन कबड्डी," बायको मागून म्हणाली.

मी बोंबललो आणि बॅग फळीवर आदळली. डबा हादरला. म्हटलं, माझ्या ताकदीनं हादरला. पण तेवढ्यात खिडकीतून रेगेन्सबर्ग मागे जायला लागलं होतं.

न्युर्नबर्गपर्यंत गाडी थांबली नाही. तिकीट तपासनीस आला. मी सुरुवात केली, "त्याचं असं झालं, डोनाऊच्या काठी..." बायकोनं मला खिडकीकडे ढकललं आणि त्याला म्हणाली, "यांचा दंड सांगा. ऐकत बसलात तर शेवटच्या स्टेशनला पोहोचाल."

न्युर्नबर्गला तिची गाडी बदलायची होती. बॅग पुन्हा खाली, पुन्हा वर. मी नव्या डब्यात बाह्या सरसावत होतो, तोच ती म्हणाली, "सरक." वाकली, बॅगेचा पट्टा धरला आणि एका झटक्यात ते सगळं धूड फळीवर भिरकावलं. उशी फेकावी तसं. मी तिच्या दंडांकडे बघत राहिलो. इतके महिने मला वाकवून वाकवून ते हिडिंबेचे झाले होते. मग रेगेन्सबर्गला मला कशाला घाम फोडला, हे विचारायला तोंड उघडलं, तोवर तिनं मला दारातून फलाटावर उतरवलं होतं.

गाडी हलली. ती खिडकीत होती. मी उजवा हात वर केला. कानापर्यंत गेला, कानाच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला आणि बोटं जाऊन फलाटाच्या छताला टेकली. न्युर्नबर्ग स्टेशनचं छत किती उंच आहे, हे मला माहीत आहे.